मापात शिवलेली बॅग

तयारी या विषयात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! भाजी आणायला निघालो तरी माझ्याकडे छत्री, टॉर्च आणि एक जादा पिशवी असते. त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांना डोंगरावर नेऊन फोटो काढायचा असं ठरलं, तेव्हा कुणी तोंड उघडायच्या आत मी जाहीर करून टाकलं, "ती जबाबदारी माझी!"

आता या फोटोचं एवढं काय, तर ऐका. लग्न झाल्या झाल्या दोघं याच डोंगरावर गेली होती. सासऱ्यांच्या एका मित्राने त्यांना कधी उभं करून, कधी बसवून चांगले छत्तीस फोटो काढले. खाली आल्यावर कळलं, कॅमेऱ्यात रोलच नव्हता! गेली चाळीस वर्षं सासूबाई हे सासऱ्यांना ऐकवतायत. आता पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय, "सावकाश चढा, पण हा डोंगर शेवटचा. यापुढे जिनासुद्धा विचारून चढायचा." म्हणजे हा फोटो आत्ता झाला तर झाला.

कॅमेरा माझ्याकडे होता. लेन्स घ्यायला बायकोला घेऊन दुकानात गेलो.

"काय काढायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"सासू-सासरे."

"मग एक लेन्स पुरे."

"पण मागे अख्खा डोंगर आहे!"

"मग वाइड घ्या."

"आणि ते लांब असले तर?"

"जवळ बोलवा की!"

बायको खुदकन हसली. अशा अडाणी दुकानदाराशी काय बोलणार! मी तीन लेन्स घेतल्या. एक वाइड, एक मधली आणि एक लांबचं जवळ आणणारी. त्या तिसरीला बायकोने घरी पोचायच्या आत 'दुधी' असं नाव ठेवलं.

मग आला बॅगेचा प्रश्न. एकीत लेन्स मावायच्या, पण पाण्याची बाटली मावायची नाही. दुसरीत सगळं मावायचं, वर मीही मावलो असतो! आठवडाभर मी बॅगा पाठीवर घालून घरात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी सासरे वैतागले. ते शिंपी. चाळीस वर्षांवर दुकान.

"रेडीमेडच्या नादी कशाला लागता जावईबापू? मी शिवतो. सामान मापाला आणून द्या."

मी सगळं घेऊन गेलो. त्यांनी टेप काढली आणि दुधीचं माप घेतलं. "घेर अकरा. उंची साडेआठ. माया किती ठेवू? वाढत्या अंगाची आहे का?"

"बाबा, लेन्स आहे ती!"

"तरी अर्धा इंच ठेवतो."

लेन्स मी लगेच परत आणल्या, कारण त्या रोज पुसायच्या होत्या. कॅमेऱ्याचा आकार मात्र अडनिडा, वर कुबड, पुढे पोट. म्हणून तो सासऱ्यांनी मापाला ठेवून घेतला. त्यांच्या मशीनच्या वर एक पाटी आहे : 'मापाचा कपडा आठवणीने मागून न्यावा. नंतर तक्रार चालणार नाही.' ही पाटी मी लग्न ठरल्यापासून वाचत आलोय.

आदल्या दिवशी बायको बॅग घेऊन आली. काय शिवली होती म्हणून सांगू! प्रत्येक लेन्स आपापल्या कप्प्यात गपकन बसली. मधला कॅमेऱ्याचा कप्पा टम्म फुगलेला. मी वरूनच थापटून बघितलं. जराही हलत नव्हता.

"एकदा उघडून बघ ना," बायको म्हणाली.

"धूळ जाते! आता हा कप्पा माथ्यावरच उघडणार."

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि गाडीत ठेवून कुलूप लावलं. "मोबाईलच्या फोटोला फोटो म्हणत नाहीत," असंही वर ऐकवलं. बायकोने नुसतं बघितलं. ते बघणं मी ओळखायला हवं होतं!

सासूबाई काठी टेकत, दर वळणावर बसत चढल्या. दोन तास लागले, पण एकदाही दुखतंय म्हणाल्या नाहीत. मध्ये एकदा सासरे म्हणाले, "इथे एक काढा की."

"उजेड बरोबर नाही," मी म्हणालो.

माथ्यावर पोचलो. सासूबाई दगडावर बसल्या, पदर सारखा केला, सासऱ्यांची कॉलर नीट केली. मी लेन्स निवडायला घेतली. वाइड? नको, चेहरे बारीक येतील. मधली? तिच्यात काय मजा! शेवटी दुधी काढली आणि वीस पावलं मागे गेलो.

"अहो, दिसतोय का आम्ही तुम्हाला?" सासूबाई ओरडल्या.

"हलू नका!" असं म्हणत मी मधल्या कप्प्याची चेन ओढली.

आत चिंध्या होत्या. नीट बांधलेलं, बरोबर कॅमेऱ्याच्या आकाराचं चिंध्यांचं गाठोडं!

"बाबा! कॅमेरा कुठाय?"

"दुकानात, खुंटीला," सासरे शांतपणे म्हणाले. "आकार बसावा म्हणून कप्पा भरून देतो आम्ही. तुम्ही मागितलाच नाहीत. पाटी आहे ना भिंतीवर!"

"अहो, पण सकाळी बोलायचं तरी!"

"मला वाटलं, दुसरा आणला असेल. तीन-तीन भिंगं घेणारा माणूस एकच कॅमेरा कसा ठेवेल?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तेव्हा निदान कॅमेरा तरी होता हो!" आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी खाली जाऊन मोबाईल आणतो," मी म्हणालो.

"तोवर आम्ही इथे काय करायचं? पन्नासावा वाढदिवस?" बायको कडाडली.

मी तोंड लपवायला दोघांच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसलो आणि बॅगेत डोकं घातलं. सासऱ्यांनी एखादा चोरकप्पा शिवला असेल आणि त्यात निदान कसला तरी कॅमेरा असेल, अशी वेडी आशा!

तेवढ्यात सुट्टीवर आलेल्या एक कंडक्टरबाई तिथे थांबल्या. त्यांच्या मोबाईलची काच चार ठिकाणी तडकलेली. "मी काढू का? पण बॅटरी संपत आलीय. एकच होईल. चला, पटापट!"

एकच झाला. मोबाईल तिथल्या तिथे बंद पडला. पण बायकोने कागदावर लिहून दिलेल्या नंबरवर संध्याकाळी बाईंनी आठवणीने फोटो पाठवला आणि घरात सगळे बघतच राहिले. सासूबाई तोंडभरून हसतायत, डोळे अजून ओले आहेत, आणि सासरे समोर न बघता त्यांच्याकडेच बघतायत. असा फोटो माझ्या तिन्ही लेन्सना मिळूनही जमला नसता, हे मी फक्त तुम्हाला सांगतोय.

तो फोटो आता मोठा करून सासऱ्यांच्या दुकानात, त्या पाटीच्या शेजारीच लावलाय. फोटोत दोघांच्या मागे कुणीतरी रांगत असतं. तोंड दिसत नाही, कारण ते बॅगेत आहे. जे दिसतं, ते मात्र अगदी स्पष्ट आलंय.

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंच, "हे मागे कोण हो?"

सासूबाई तिथे असल्या की मोठ्या कौतुकाने सांगतात, "ते होय? ते आमचे जावई. फोटोग्राफर आहेत!"