रावजी भावोजींचे दोर

रावजी भावोजी दोर विकत घेताना तो चावून बघायचे. जव्हारच्या बाजारात दुकानदार ओरडायचा, "अहो, दोर आहे तो, ऊस नाही!" भावोजी काथ्या थुंकून म्हणायचे, "कुजका आंबट लागतो. पुढचा दाखवा."

हे माझे चुलत दीर. पोशेऱ्याला आमच्या शेजारीच राहायचे. जव्हारचं संस्थान विलीन झालं, सरकारी साहेबांच्या जीपा मोखाड्याकडे हिंडू लागल्या, पण रस्ता होता तोच राहिला. आमच्या घराखालच्या ओहोळात कुणी ना कुणी रुतायचंच. मग भावोजींना बोलावणं.

त्यांच्या पडवीत बसायला जागा नव्हती. आढ्याला काथ्याचे दोर, अंबाडीचे दोर, कोपऱ्यात लाकडं ओढायची साखळी, चाकाखाली घालायला बांबूचे तट्टे. बायको होती तोवर ती खेकसायची. ती गेल्यावर दोर चुलीपर्यंत आले.

गाडी रुतली म्हणून हा माणूस कधी धावला नाही. आधी चिखल बोटांत चोळणार, चाकाभोवती फिरणार आणि म्हणणार, "हिचं दुखणं वेगळं आहे." दुखणं प्रत्येक गाडीचं वेगळंच असायचं. मग घरी येऊन एक दोर काढायचा, परत टांगायचा. साखळी हिसका देते. काथ्या जरा ताणतो, बैलांना बरा. अंबाडी भिजली की जड. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा एक साहेब कावले. "अहो, लवकर ओढा की!"

"साहेब, गाडी कुठं पळून जाते? रुतलीच आहे ना."

भावोजींना एकच लेक, येसू. त्र्यंबकच्या बाजूला दिलेली. आईच्या तेराव्यानंतर सासूने तिला माहेरी पाठवलंच नव्हतं. त्या बाजूचा कुणी ड्रायव्हर रुतला की भावोजी त्याच्याजवळ निरोप द्यायचे, "येसूला सांगा, बा बरा आहे."

जावई एका ठेकेदाराच्या लॉरीवर होता. दिवाळीआधी जव्हारला माल टाकायला जाताना त्याने येसूला दारात सोडलं. "मामा, येताना घेऊन जाईन. आईने हिला राहू देऊ नको म्हणून सांगितलंय."

येसू जेमतेम घर झाडून उठली, तोच खालून हॉर्न वाजला. ती लॉरीत बसली, आणि लॉरी ओहोळात गेली ती तिथेच बसली.

भावोजी खाली आले. चिखल चोळला नाही, की चाकाभोवती फिरले नाहीत. वर गेले आणि लगेच एक दोर घेऊन आले. मी ओळखला. विहिरीवरचा, रहाटाने खाल्लेला. टाकून द्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते.

"मामा, टिकेल ना हा?" जावयाने विचारलं.

"तुम्ही गाडी बघा. दोर मी बघतो."

बैल जुंपले. एक हिसका बसला आणि दोर मधोमध तुटला. बैल पुढे धडपडले. साखळी आणा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बैल आवरायला पुढे झाले.

"फार खोल रुतलीय," भावोजी जावयाकडे न बघता म्हणाले. "बैलही दमले. आता सकाळी बघू. तोवर दुसरा दोर शोधून ठेवतो."

येसू लॉरीतून उतरली. तुटलेलं टोक उचलून तिने बघितलं, मग बापाकडे बघितलं.

"बा, दुसरा नको शोधू," ती म्हणाली. "नाचणीचं पीठ कुठं ठेवलंस ते सांग."