आधी सही, मग आभाळ

शक्य असल्यास उभं राहून ऐकावी, अशी एक गंभीर बातमी जाहीर करतो: आमच्या शेजारच्या गोडदेव गावचे हरिश्चंद्रकाका पाटील जेवणाची सुरुवात बडीशेपेने करतात. मग सोलकढी, मग भात, मग तळलेला बोंबील आणि सगळ्यात शेवटी ताटात चिमूटभर मीठ वाढून घेतात.

हे वेड नाही, धंदा आहे. काका काचेवर चित्रं काढतात, तीही काचेच्या मागच्या बाजूने. त्यांनी मागून रंगवायचं, आपण पुढून बघायचं. कागदावर आधी आभाळ, मग माणूस, शेवटी डोळ्यातली चमक. काचेवर सगळं उलट. आधी चमक, मग डोळा, मग चेहरा, आणि आभाळ सगळ्यांच्या शेवटी. आभाळ आधी फासलं, तर माणूस त्याच्यामागे कायमचा गडप! आणि शेवटचा हात बसला की पुढचं काही सुधारता येत नाही. पन्नास वर्षं काशीमीऱ्याच्या हॉटेलांचे आरसे आणि गॅरेजांमधले देव असे रंगवल्यावर माणूस बडीशेपेपासून जेवला, तर बिघडलं कुठं?

आमच्या दारातल्या काचेवर नाव घालायलाही मी त्यांनाच बोलावलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आतल्या बाजूने, कोपऱ्यात, उलट्या अक्षरांत स्वतःची सही केली आणि "सुकू दे" म्हणून गेले. आले आठ दिवसांनी. तोवर कुरिअरवाला मला "पाटील साब" म्हणत होता. मी तक्रार केली.

"सही पयली," काका म्हणाले. "तुजा नाव काय, पाठून येतंच."

या कलेचा इतिहासही ते शेवटाकडून सांगतात. "छापील कॅलिंडरा आली न् आमी मेलो," ही सुरुवात. मग घरोघरच्या भिंतींवरचे काचेतले देव, त्याआधी राजेरजवाडे, त्यांच्या पदरी राहिलेले परदेशी कारागीर, आणि तासाभराने कुठे चीनहून आलेलं जहाज आपल्या बंदराला लागतं. तिथे काका टाळी वाजवतात. "आता आयक, झाली सुरू!"

पाहुण्यांना टोलेजंग इमारती कोणीही दाखवेल. मी त्यांना आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या सोसायटीतून रिक्षात घालून गोडदेवला नेतो आणि काका दाखवतो. माझीच कमाई असल्यासारखे.

म्हणूनच गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रप्रदर्शन ठरलं, तेव्हा मी छाती फुगवून काकांचं नाव दिलं. उभ्या आयुष्यातलं त्यांचं पहिलं प्रदर्शन. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ते एकच चित्र घेऊन आले, आणि हॉलच्या मधोमध स्टँडवर तारेने बांधलं.

यशोदाकाकू. त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. नथीच्या मोत्यावर उजेडाचा ठिपका, ओठ काहीतरी टोमणा मारायच्या बेतात, कानाशी दोन पांढरे केस.

"पांढरं केस पयलं काढलं," काका अभिमानाने म्हणाले. "जिती असती त हातातला बरशच मोरून टाकला असता तिनी."

पण काकूंच्या मागे काहीच नव्हतं. नुसती कोरी काच. आरपार हॉलचा पंखा दिसत होता.

आमचे सेक्रेटरी जिग्नेशभाई पुढून, मागून, परत पुढून बघून आले. "काका, बॅकग्राउंड किधर है? अधुरा चित्र आपण लावत नाय. सगळ्यांना सेम रूल. उद्या सकाळपर्यंत भरा, नायतर कॅन्सल."

मी काकांना बाजूला घेतलं. "अहो, निळ्या रंगाचा एक हात मारा. तासाभराचं काम."

काकांनी बाहीने काकूंमागची कोरी काच पुसली.

"पाठी काय रंगवू?" ते म्हणाले. "ती आता कुठं हाय, ता मना थोराच ठाव हाय?"

सकाळी ते निळ्या रंगाचा डबा घेऊन आले. झाकण उघडलेलंच नव्हतं.

"न्हाय जमला," ते म्हणाले.

जिग्नेशभाईंनी नाइलाजाने यादीतल्या नावावर काट मारली. हॉलमध्ये माणसं जमू लागली होती. काका तार सोडायला स्टँडच्या मागे गेले, वाकले, आणि गाठ दिसेना म्हणून चष्मा सावरत मान वर केली.

काकूंच्या खांद्यामागे, त्या कोऱ्या काचेत, काकांचं टक्कल आणि चेहरा नेमका येऊन बसला. लग्नातल्या जोडीच्या फोटोत बसतो तसा. तिचा टोमणा, आणि मागे तो ऐकणारा.

काकांना आपलं काय झालंय याचा पत्ताच नव्हता. ते गाठीशी झटत होते. आणि हातातली यादी खाली टाकून आमचे जिग्नेशभाई ओरडले,

"काका, हिलो मत! आता पूरा झाला!"