मनोहर भोयर आणि इतर मनोहर भोयर

आमच्या शेजारच्या मनोहर भोयरकाकांच्या बैठकीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात अकरा पुस्तकं आहेत. अकराही पुस्तकांवर लेखकाचं नाव ‘मनोहर भोयर’ असंच छापलेलं आहे, आणि त्यातलं एकही काकांनी लिहिलेलं नाही.

काकांनी आयुष्यात हिशेबाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलं नाही. नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात छत्तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांपुढे ठाणं उलगडली. ती सवय अजून गेलेली नाही. नवं पुस्तक हाती आलं की आधी पान अंगठा आणि बोटात धरून चोळतात, उजेडात धरून बघतात आणि मग म्हणतात, “पोत बरा आहे. टिकते.” मजकूर त्यानंतर.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. मी एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच महिन्यात काका वाचनालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“ताई, तुमच्या कॉम्प्युटरमंदी घोळ आहे.”

आमच्या यादीत मनोहर भोयर या एकाच लेखकाच्या नावाखाली सगळी पुस्तकं आली होती. संत्र्याच्या बागेवरची तीन, पेटीवादनाचं एक, कुक्कुटपालनाची दोन, दुकानदारांसाठी कराची माहिती देणारी तीन आणि दोन प्रेमाच्या कादंबऱ्या.

“एकाच माणसाले तुम्ही कोंबड्याही पाळाले लावून राहिले अन् पेटीही वाजवाले. हे पाच जण आहेत. नाव एक, मामला अलग.”

ते बरोबर बोलत होते. मी म्हणाले, “करते काका दुरुस्त.” आणि केलं नाही. सरकारी अहवाल, मोडका पंखा, शाळांच्या सुट्ट्या, काही ना काही निघत गेलं. काका जिन्यात भेटले की विचारायचे, “झाले का ते पाच?” मी म्हणायची, “या आठवड्यात नक्की.” असं वर्ष गेलं.

काकांनी ही पुस्तकं नुसती जमवलेली नव्हती, ते त्यांच्या आज्ञेत वागत. संत्रावाल्या भोयरांचं वाचून त्यांनी गच्चीवर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये संत्र्याचं झाड लावलं. कोंबडीवाल्या भोयरांचं वाचून त्याच गच्चीवर दोन कोंबड्या आणल्या. सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी वर आले आणि म्हणाले, “भोयरजी, मुर्गी हटाइए.” काकांनी त्यांना पुस्तकातलं पान दाखवलं, कोंबड्यांना मोकळी हवा लागते असं लिहिलेलं. गुप्ताजी म्हणाले, “किसने लिखा?” काकांनी बोट ठेवलं. गुप्ताजींनी नाव वाचलं आणि हात जोडून खाली उतरले. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच पुरावा म्हणून दाखवायचं, अशा माणसापुढे काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. तेव्हापासून आमच्या इमारतीत काका लेखक म्हणून मान्य झाले, आणि काकांनी हा गैरसमज फारशा नेटानं खोडलाही नाही.

पेटी ते आठव्या धड्यापर्यंत शिकले. त्यांच्याकडच्या प्रतीत नवव्या धड्यापासूनची पानंच नाहीत. त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही आठवा धडा ऐकतो.

कादंबऱ्यांनी मात्र घरात वाद झाला. त्यातली नायिका मालती. सुशीलाकाकूंनी एक दुपार बसून पुस्तक वाचलं आणि दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “काहून वं, तुले काही माहीत आहे का ही मालती कोण? हे म्हणतात, मी नाही लिहिलं. नाव तं याहीचंच आहे.”

काकांनी पाचही लेखकांना प्रकाशकांमार्फत पत्रं लिहिली होती. कोंबडीवाले भोयर काही वर्षांपूर्वीच वारले, असं त्यांच्या मुलानं कळवलं, तेव्हा काकांनी त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली आणि दाढी केली नाही. करवाल्यांनी आणि कादंबरीवाल्यांनी शुभेच्छा पाठवल्या. पेटीवाल्यांचं पत्र ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आलं. संत्रावाले तेवढे काटोलकडच्या एका खेड्यातून उत्तर देत राहिले. काका दर दिवाळीला त्यांना शुभेच्छा आणि झाडाची हकीकत पाठवत. उत्तर एका ओळीचं असे. “पाणी कमी द्या.” पुढच्या वर्षी, “अजून कमी.” बारा वर्षांची अशी बारा कार्डं काकांनी कपाटात जपून ठेवली होती.

मी एकदा विचारलं, “इतकं जवळ आहे गाव. भेटायला का नाही गेलात?”

“गेलो, अन् त्याहीनं विचारलं कशाले आले, तं काय सांगू? नाव सारखं आहे म्हणून?” काका हसले, पण विषय तिथेच थांबवला.

मग तो रविवार आला. पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. ज्येष्ठ लेखक मनोहर भोयर यांचे वृद्धापकाळाने निधन. शेती, संगीत, कुक्कुटपालन, करव्यवस्था आणि ललित साहित्य अशा विविध विषयांवर त्यांनी अकरा ग्रंथ लिहिले. फोटो नव्हता, गावाचं नाव नव्हतं.

ती बातमी मी वाचेपर्यंत गुप्ताजी हार घेऊन काकांच्या दारात पोहोचले होते. त्यांच्यामागे आणखी चारपाच जण पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून. दार काकांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात पोह्यांची बशी. गुप्ताजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अरे, आप तो हैं.”

“आहो नं,” काका म्हणाले. “या, पोहे घ्या.”

हार काकूंनी ठेवून घेतला. म्हणाल्या, देवाले होईल.

सगळे हसत हसत खाली गेले. काका हसले नाहीत. पेपर घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांची बोटं त्या बातमीवर फिरत होती, कागदाचा पोत बघावा तशी.

“ताई, कोणता गेला?”

मी वाचनालयातल्या श्यामला फोन लावला. तो म्हणाला, काल संध्याकाळी पेपरमधून फोन आला होता, मनोहर भोयरांची पुस्तकं कोणती म्हणून विचारत होते. त्यानं कॉम्प्युटरवरची यादी वाचून दाखवली.

म्हणजे तो घोळ माझा होता. एक जण गेला होता आणि माझ्या आळसानं मी बाकीच्या चौघांनाही त्याच्याबरोबर पाठवून दिलं होतं. मी काकांना तसं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “ते नंतर पाहू. पहिले कोण गेला ते पाहू.”

पेपरच्या कचेरीत रविवारी सकाळी कुणी फोन उचलेना. श्यामला मी तिकडे पाठवलं. तोवर आम्ही फोन लावत बसलो. करवाल्या भोयरांनी स्वतःच उचलला आणि तुमचा धंदा कोणता ते आधी विचारलं. कादंबरीवाल्यांच्या नातीनं सांगितलं की आजोबा टीव्हीवर क्रिकेट बघताहेत. उरले दोघं, पेटीवाले आणि संत्रावाले. पेटीवाल्यांचा पत्ता कुणाकडेच नव्हता, आणि संत्रावाल्यांचा फोन.

“काका, चला. मी गाडी काढते,” मी म्हणाले.

ते पाच मिनिटांत कापडी पिशवी घेऊन खाली आले. रस्ताभर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. शहर मागे पडल्यावर मी विचारलं, यात काय आहे.

“एक पांढरा उपरणा आहे. अन् संत्राबर्फीचा डबा आहे.” थोड्या वेळानं म्हणाले, “जसं असेल तसं काढीन.”

गाव सापडलं. घर विचारलं तर एका माणसानं हात वर करून रस्ता दाखवला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. घरासमोर गेलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. वीस-पंचवीस माणसं गप्प बसलेली, दारात चपलांचा ढीग. काकांनी काही न बोलता पिशवीतून उपरणं काढून खांद्यावर घेतलं. चपला काढताना त्यांचा हात भिंतीला लागला आणि तिथेच टेकून राहिला.

गर्दीतून आवाज आला. “बसा. मी जिवंत आहो. चहा घ्या अन् आपापल्या कामाले लागा.”

खुर्च्यांच्या मधोमध ऐंशी-ब्याऐंशीचे एक उंच, हाडकुळे आजोबा बसले होते. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगून ते कंटाळले होते. लोकही गाडीखर्च करून आलेले, लगेच उठायला तयार नव्हते. आजोबांनी काकांच्या उपरण्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाले, “तुम्ही कोठचे?”

काका म्हणाले, “मी मनोहर भोयर.”

अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले.

“नागपूरचे? ड्रममंदल्या झाडवाले?”

“हो.”

आजोबा पुढे आले आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. “सकाळपासून मले वाटून राहिलं होतं का तुम्हीच गेले. मी नाही, हे तं मले माहीत होतं. मंग तुमच्याशिवाय दुसरा कोण मनोहर भोयर मले माहीत आहे?”

दोन म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून अंगणात उभी होती आणि बाकीचे चहाचे कप हातात घेऊन बघत होते. काकांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मी आजवर फक्त ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. खांद्यावरचं उपरणं त्यांनी पिशवीत कोंबलं आणि बर्फीचा डबा काढला. आजोबांनी बर्फी तोंडात घातली आणि म्हणाले, “पाणी अजून जास्तच देऊन राहिले असाल तुम्ही.”

तेवढ्यात श्यामचा फोन आला. गेले ते पेटीवाले. अमरावतीकडे एका शाळेत संगीत शिकवायचे, निवृत्तीनंतर एकटेच राहायचे.

मी सांगितलं. आमची सुटका झाली होती, पण ती कुणाच्या तरी जाण्यावर झाली होती.

“ओळख होती का तुमची?” आजोबांनी विचारलं.

“आठव्या धड्यापर्यंत,” काका म्हणाले.

आम्ही जेवूनच निघालो, कारण आजोबांनी सोडलं नाही. त्यांनी काकांना बाग दाखवली, झाडाचं खोड कुठं खरवडायचं ते दाखवलं, आणि पंधरा मिनिटांत त्यांना चार वेळा चूक ठरवलं. काका प्रत्येक चुकीला आनंदानं मान डोलवत होते. निघताना आजोबांनी सुनेला हाक मारली. दाराशी भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याच्या बाजूला भिंतीवरच पेननं फोन नंबर लिहिलेले होते, मुलाचा, मुलींचा, जावयांचा, डॉक्टरचा.

“यांचाही नंबर लिहून घे वं,” आजोबा म्हणाले. “उद्या मी खरंच गेलो तं हे पेपरात वाचतील का?”

सून पेन घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “सांगा काकाजी.”

आमच्याकडे सून चुलत सासऱ्याला काकाजी म्हणते. तिनं सहज म्हटलं, तिच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नव्हतं. काकांना मात्र स्वतःचा नंबर आठवेना. शेवटी मी सांगितला.

परतीच्या वाटेवर काका आपणहून बोलायला लागले.

“माझे मायबाप मी तीन वर्षांचा असताना गेले, ताई. मामानं वाढवलं. माझ्या लग्नाची पत्रिका छापली तवा छापखानेवाल्यानं विचारलं, नवऱ्याकडून नावं कोणाची टाकू? काका, मोठे भाऊ, भावकी? माझ्याकडे नव्हतंच कोणी. सुशीलाकडची बावीस नावं होती. शेवटी शेठजीनं आपल्या दुकानाचं नाव टाकाले लावलं. मंग एक दिवस सीताबर्डीले जुन्या पुस्तकाच्या ढिगात हे कोंबडीवालं दिसलं. भोयर. अन् तेही मनोहर. मले वाटलं, म्हणजे आहे कोणी.”

मी म्हणाले, “उद्या सकाळी पहिलं काम ते पाच वेगळे करते.”

“करा. पेटीवाल्याच्या नावापुढे गेल्याचं साल लिहा. बाकी चौघं राहू द्या.”

“चौघं नाही काका, तिघं. कोंबडीवाले आधीच गेलेत.”

“हो, तेही आहे,” ते म्हणाले आणि खिडकीची काच थोडी खाली केली.

काटोल नाक्याच्या गर्दीत आम्ही शिरलो तेव्हा त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्यांनी कानाला लावला, ऐकलं, “हो, हो बाई, पोचलोच” असं म्हणाले आणि फोन दोन्ही हातांत धरून बसले.

“कोण होतं?” मी विचारलं.

“सून,” काका म्हणाले. “घरी पोचले का म्हणून विचारून राहिली होती.”