ब्लॅक मेटल, मुक्काम पोस्ट किन्हवली

शहापूर तालुक्यात गुप्तहेर एकच, आणि तो म्हणजे मी, काळूराम. मुरबाड तालुक्यात एकही नाही, म्हणून तोही मीच सांभाळतो. घारीची नजर, सशाचे कान. मेंदू कोणाचा, याबाबत गावात दुमत आहे. किन्हवलीच्या नाक्यावर माझं सायकलचं दुकान आहे, पण ते लोकांना दाखवायला. हवा नक्की कुठून निसटली, हे शोधणं हाच माझा खरा पेशा.

२००२ साली, भात झोडून झाल्यावर, शेजारचा आदेश दुकानात आला. आसनगावच्या एका कारखान्यात कामाला होता. तोंड उतरलेलं.

"काळूकाका, माझी ब्लॅक मेटल चोरीला गेली."

मी पाना खाली ठेवला. "किती किलो?"

"किलो काय काका! कॅसेट आहे. सिम्फॉनिक ब्लॅक मेटल. नॉर्वेचा बँड. कल्याणच्या मित्राकडनं आणलेली."

पण गुप्तहेर पहिल्या शब्दालाच ओळखतो. काळा धातू म्हणजे लोखंड, आणि आपल्याकडे लोखंड म्हणजे मुंबईला पाणी नेणारी तानसाची पाइपलाइन. मी सायकल काढून तिच्या कडेकडेनं दोन तास हिंडलो. पाइप जागच्या जागी होते. एक धागा निकालात निघाला.

परत आलो तेव्हा आदेशनं कॅसेटचं कव्हर दाखवलं. तेवढंच मागे राहिलं होतं. बर्फाच्या रानात पाच माणसं, तोंडाला चुना, डोळ्यांभोवती काजळ.

"हे पाचही जण तुझ्या घरी आलेले?"

"काका, तेच गातात त्यात."

म्हणजे त्यांना कॅसेट चोरायची गरज नव्हती. मी पाचही जणांना संशयातून मुक्त केलं.

"मला ठावं आहे कोणी नेली ती," आदेश म्हणाला. "बाबांनी."

त्याचा बाप लडकू भजनी मंडळात गायचा. 'गुरांसारखं हंबरणं परत ऐकू आलं तर उकिरड्यात पुरीन,' असं तो बोलला होता. तेव्हापासून आदेशनं बापाशी बोलणं टाकलं होतं. कल्याणला खोली बघितली होती, पिशवीही भरली होती.

"एका कॅसेटपायी घर सोडतोस?"

"काका, कारखान्यात सायबाचं ऐकायचं, घरी बाबांचं. त्या गाण्यात एक जण जीव तोडून ओरडतो, आणि मागं व्हायलिनी, मोठा कोरस. ऐकलं की छाती मोकळी होते."

मी छातीसाठी अडुळसा सुचवला आणि फावडं घेऊन त्याच्या घरी गेलो.

मी उकिरडा खणत होतो आणि लडकू शांतपणे बघत होता. "काळू, खत काढायचंच होतं. तो कोपरा पण घे." तासाभरात एक चप्पल आणि दोन चमचे सापडले.

"मी बोललो खरा," लडकू म्हणाला, "पण हात नाय लावला रे."

दारात आदेश पिशवी घेऊन उभा. "खोटं बोलू नका, बाबा."

लडकू उकिरड्याच्या कडेलाच बसला. पोरगं खरंच चाललं होतं. मी चपलेची बारकाईनं तपासणी केली.

तेवढ्यात माझी बायको संजीवनी आली. "अहो, त्या उकिरड्यात काय शोधताय? कॅसेट आपल्या घरी आहे, टेपात. देवकीवयनी दुपारची ऐकायला येतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलंत कुठं?"

आवाज ऐकून आदेशची आई देवकी बाहेर आली. रांधणीतल्या चुलीच्या धुरानं डोळे लाल. "मी नेली रे. तू कामाला गेलास की ऐकते. मला वाटलं, रोजचंच भांडण आहे तुमचं."

"आई, तुला आवडतं ते?"

"शब्द नाय कळत. पण तो गाणारा बोंबलतो, तं मागं पन्नास जणं व्हायलिनी घेऊन उभी. आमी बोंबललो तं मागं कोण उभं राहतं?"

मग लडकूनं हळूच विचारलं, "तुला काय बोंबलायचंय?"

"रांधणीला खिडकी पाडा. लगीन झाल्यापासनं सांगते. धुरानं डोळे गेले माझे."

"मी ऐकलं नाय कधी."

"मोठ्यानं बोलले नाय कधी."

लडकू उठला. गोठ्यातून पहार आणली आणि रांधणीच्या भिंतीवर घातली. आदेश पिशवी ठेवून माती ओढायला लागला.

"खोटारडा बोललो, बाबा. चुकलं."

"बाजूला हो, पायावर पडंल," लडकू म्हणाला.

संध्याकाळपर्यंत दोन फुटांची खिडकी तयार झाली. देवकीनं चहा ठेवला, आणि धूर मुकाट्यानं बाहेर गेला. संजीवनीनं विचारलं, "वयनी, खिडकी तं झाली. आता कॅसेट पोराला देऊ?"

"थांब गो," देवकी म्हणाली. "अजून मोरीचं बोलायचंय."