भोये नानांचं होडीचं मशीन

भोये नानांनी एक छत्री घ्यायला तीन पावसाळे लावले. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी दुकानात जाऊन ती उघडून पाहिली, दुसऱ्यात मिटून पाहिली. तिसऱ्या वर्षी दुकानदारानं छत्र्या विकणंच बंद केलं. "बघा," नाना मला म्हणाले, "घेतली असती तर उगीच घेतली असती."

जव्हारला आमच्या घरांमध्ये एकच कुंपण. मी शाळेत शिक्षक, म्हणून ते मला 'सर' म्हणतात. ते डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. हातात पाना असेल तर ते क्षणाचाही विचार करत नाहीत, पण काही विकत घ्यायचं म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न असतो: "नाय घेतलं तर काय अडंल?" या प्रश्नापुढे आजवर फ्रिज, मिक्सर आणि दोन खुर्च्या हरल्यात. नानी सांगतात, "मला बघायला चार वेळा आले होते. चौथ्या खेपेला आमच्या बाबांनी चहा दिला नाय, तारीखच दिली."

असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात शकीलभाईच्या भंगाराच्या दुकानात एका मशीनपुढे उकिडवा बसलेला मला दिसला. होडीच्या मागे लावायचं जुनं मशीन होतं ते. समुद्राकडून आलेल्या मालातून इकडे पोचलेलं, निळा रंग उडालेला, नाव झिजून गेलेलं, वयानं माझ्याहून मोठं. वर डोकं, खाली पंखा, आणि चालू करायला दोरी.

"नाना, होडी कुठाय?" मी विचारलं.

"होडी नाय."

"मग?"

"बघतोय नुसता."

ते बघणं चार महिने चाललं. दर आठवड्याला जायचे, दोरी ओढायचे, पंखा फिरवायचे, हात पुसून परत यायचे. शेवटी शकीलभाई म्हणाला, "चाचा, इतने ध्यान से तो मैंने अपनी बीवी को नहीं देखा. ले जाओ, चलाके देखो, फिर बोलो."

मशीन आलं ते आमच्या अंगणात, कारण पाण्याचं पिंप आमच्याकडे होतं. नानांनी ते पिंपाच्या काठाला आवळलं, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलं आणि दोरी ओढली. सातव्या ओढीला ते असं काही पेटलं की पिंपातलं अर्धं पाणी माझ्या बायकोच्या अंगावर गेलं आणि दोरीवर वाळत घातलेले माझे पांढरे शर्ट धुरानं राखाडी झाले. आख्खी आळी गोळा झाली. त्या गोंगाटात नाना डोळे मिटून उभे होते.

"चाललं की हो," मी ओरडून म्हणालो.

"चाललं," ते म्हणाले. "आता विचार करायला हरकत नाय."

विचार कागदावर होता. शर्टांची माफी मागायला त्यांनी मला घरी चहाला बोलावलं, तेव्हा कॅलेंडरशेजारी चिकटवलेला तो कागद मी वाचला. एका बाजूला 'घेऊ नये'. होडी नाही. जव्हारला समुद्र नाही. पोहता येत नाही. सुटे भाग मिळत नाहीत. असे करत करत शेवटचं, सतरावं कारण: ही हसेल. दुसऱ्या बाजूला 'घ्यावं', आणि त्याखाली एकच शब्द: जानूबाय.

नाना साखर आणायला गेले होते. मी नानींकडे पाहिलं.

"मोठी बहीण त्यांची," नानी हळू आवाजात म्हणाल्या. "आई लवकर गेली, तिनंच वाढवलं यांना. खोडाळ्याच्या पलीकडं दिलीय. आधी तिच्या पाड्यावरून माहेरी, म्हंजे धरणाच्या अलीकडं यांच्या जुन्या गावच्या घरी, तासाभराची पायवाट होती. धरणाचं पाणी चढलं, वाट बुडाली. आता दोन जीपा बदलायच्या, वर चालायचं. जीपमधे तिला ओकाऱ्या होतात. चार वर्षं झाली, माहेरी आली नाय. हे जाऊन भेटतात, पण तिला घर बघायचंय."

"मग नाना कुणाला सांगत का नाहीत?"

"सांगायला त्यांना अजून विचार करायचा असंल."

एवढं बोलून नानी उठल्या. फळीवर एक पेन्सिल पडली होती, ती घेतली आणि सतराव्या कारणावर आडवी रेघ मारली. नाना साखर घेऊन आले, कागदाकडे बघितलं, साखरेची पुडी माझ्या हातात दिली आणि तसेच शकीलभाईकडे गेले. पुडी हातात धरूनच मी चहा बिनसाखरेचा प्यायलो.

पाऊस उघडल्यावर आम्ही निघालो. धरणात मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं आपली होडी दिली आणि स्वतःही आला. ट्रकची फुगवलेली ट्यूब नानांनी गळ्यात घातली होती. दुसरी माझ्या गळ्यात. जाताना मशीन दोनदा थांबलं, पण पोचलो.

जानूबाय काठावर नागलीच्या पिठाचं गाठोडं घेऊन तयारच होत्या. बारीक, वाकलेल्या. होडीत बसल्या आणि भावाच्या गळ्यातली ट्यूब बघून पदराआड हसल्या.

परतताना पाण्याच्या मधोमध त्यांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सख्या, जरा थांबव रं."

नानांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. मशीन थोडा वेळ खोकलं आणि गप्प झालं. जानूबायनी पाण्यात हात घातला.

"इथं खाली आपला आंबा हाय. त्याच्या मुळाशी मी पाटी उतरवायची. तू तिथंच बसकण मारायचास, उचलून घे म्हणून."

"तू घ्यायचीस," नाना म्हणाले.

"पाटी डोईवर, तू कडेवर."

होडी हळूहळू वाहत होती. जानूबाय एकेक सांगत होत्या, कुठं झरा होता, कुठं पाय मुरगळला होता. बराच वेळ गेला. होडीवाला म्हणाला, "नाना, वारा सुटंल. निघू या."

नानांनी दोरी ओढली. मशीन लागलं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा.

"थंड झालंय," ते होडीवाल्याला म्हणाले. "वेळ लागंल जरा."

मी शेजारीच होतो. आयुष्यभर इंजिनं जुळवलेल्या त्या माणसानं पेट्रोलचा कॉक अजून उघडला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली आणि जानूबायना विचारलं, "आंबा गोड होता का हो?"