ॲम्ब्रोजमामाचा टोस्ट

"पप्पा, ह्याला म्हणतात ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन," फ्लेविया म्हणाली. "प्रश्न विचारायचा, पण उत्तर नको असतं. विचारायचा आणि थांबायचं. लोक आपोआप गप्प होतात."

"म्हणजे तुझी मम्मी विचारते तसं? 'मला दुसरी कामं नायत का?'"

"करेक्ट! अगदी तेच."

ॲम्ब्रोज खूश झाला. गोराईत वांगी-भेंडी पिकवून बोरिवलीच्या बाजारात नेणाऱ्या या माणसाने पन्नाशी उलटल्यावर वही हातात घेतली होती, आणि तीही बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुलीची. बहीण डोरोथीच्या किम्बर्लीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि त्यांच्या घरात टोस्ट मामाने करायचा असतो. ग्लास हातात घेऊन जोडप्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी ग्लास उंच करून प्यायचं. बोलायचं मात्र इंग्रजीत. घरात, शेतात, चर्चमध्ये मराठी बोलणारी ही माणसं टोस्टच्या पाच मिनिटांपुरती साहेब का होतात, कुणास ठाऊक! पण होतात.

आणि तिथेच ॲम्ब्रोजचं घोडं अडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी किम्बर्लीच्या भावाच्या, नोएलच्या लग्नात तो उभा राहिला, "गॉड ब्लेस, प्लीज ईट," म्हणाला आणि बसला. तेव्हापासून गावात त्याचं नाव 'प्लीजईट' पडलं ते पडलंच.

"दादा, नवऱ्याकडची माणसं भांडुपची आहेत," डोरोथी म्हणाली होती. "त्यांचा काका प्रोफेसर आहे. तुला जमत नसेल तर आमचा क्लेटन बोलेल. माझ्या दिराचा मुलगा रे. अंधेरीला कॉल सेंटरमध्ये आहे, रोज अमेरिकेशी बोलतो."

"मग पोरीचा मामा कोण? मी का क्लेटन?" ॲम्ब्रोज भडकला होता. हा ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन होता, पण तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं.

फ्लेवियाने त्याला भाषण लिहून दिलं, देवनागरीत. सुरुवातीला प्रश्न. मग ॲनाफोरा, म्हणजे प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच. मग क्लायमॅक्स. 'व्हॉट इज मॅरेज? इज इट अ रिंग? इज इट अ केक? इज इट अ पार्टी? नो! इट इज अ व्हॉयेज!' पुढे भारी शब्द. नवरी इफर्व्हेसंट, नवरा मॅग्नॅनिमस, म्हणजे मोठ्या मनाचा.

"इफर्व्हेसंट म्हणजे?"

"सोड्याची बाटली उघडली की कसं फसफसतं, तशी उत्साही."

"झकास! आमची किम तशीच आहे."

तशी ती होतीच. गेली सहा वर्षं रोज सकाळी पावणेआठला कामावर जायला खाडीवरच्या बोटीकडे जाताना ती मामाच्या कुंपणापाशी थांबायची. "मामा, चालले रे!" अशी हाक मारायची. आता आतून उत्तर यायला लागलं, "गो, इफर्व्हेसंट!" ती बिचारी हसत पुढे जायची.

पाठ करायला शांतता लागते, असं आपल्याला वाटतं. ॲम्ब्रोजला माणसं लागायची. वांग्यांना भाषण ऐकवून त्याचं समाधान होईना. म्हणून तो बोटीत सुरू झाला. भाजीच्या टोपल्यांमध्ये उभा राहून तो विचारायचा, "व्हॉट इज मॅरेज?" खाडीच्या मध्यावर बोटीतून उतरून जाणार कुठे? लोकांनी ऐकलं. चौथ्या दिवशी ते चुका काढायला लागले.

"मामा, आज केक खाल्लास," बोटवाला श्यामसुंदर म्हणाला. "रिंगनंतर डायरेक्ट पार्टी?"

"अरे हो! थँक्यू हां."

दहाव्या दिवशी मासळीवाल्या बायका 'मॅग्नॅनिमस' त्याच्यापेक्षा स्वच्छ म्हणत होत्या. शाळेची पोरं लंगडी घालताना "इज इट अ रिंग? इज इट अ केक?" म्हणायला लागली. ॲम्ब्रोजला केवढा आनंद! गाव आपल्या पाठीशी आहे, असंच त्याला वाटलं. फक्त एक गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात आली नाही. बोटीतली सगळी माणसं लग्नाला येणार होती.

लग्नाच्या संध्याकाळी मांडव खच्चून भरला. बँड थांबला. ॲम्ब्रोज सुटाबुटात उभा राहिला, हातात ग्लास. भांडुपचा प्रोफेसर चष्मा सावरून ऐकायला बसला. मागे क्लेटन टाय नीट करत होता, वेळ आलीच तर म्हणून.

"व्हॉट इज मॅरेज?" ॲम्ब्रोजने विचारलं आणि शिकवल्याप्रमाणे थांबला.

"इज इट अ रिंग?" श्यामसुंदरच्या टेबलावरून आवाज आला.

"इज इट अ केक?" मासळीवाल्या बायका.

"इज इट अ पार्टी?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. आणि मग अख्खा मांडव, "नो! इट इज अ व्हॉयेज!"

भांडुपवाल्यांना वाटलं, ही गोराईची पद्धतच असणार. तेही उठून उभे राहिले. "आम्ही काय म्हणायचं असतं?" प्रोफेसरांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं. तोवर गावाने इफर्व्हेसंट म्हटलं, मॅग्नॅनिमस म्हटलं, क्लायमॅक्स गाठला, टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या. ॲम्ब्रोजसाठी एक शब्द शिल्लक ठेवला नाही. तो ग्लास धरून तसाच उभा. डोरोथीने कपाळाला हात लावला. क्लेटन उठला.

"बस रे तू," ॲम्ब्रोज म्हणाला. मग किम्बर्लीकडे वळला. इंग्रजी तर कधीच संपलं होतं.

"किम, माझं भाषण ह्या लोकांनी खाल्लं. आता माझ्याकडे काय नाय. रोज सकाळी मी वांग्यांना पाणी लावतो. घड्याळ बघत नाय. तू हाक मारलीस की कळतं, पावणेआठ झाले. मग मोटर बंद करतो. सहा वर्षं एक दिवस चुकली नाय पोर. सोमवारपासनं मी मोटर कधी बंद करू गं?"

मांडवात कुणी हूं की चूं केलं नाही. किम्बर्ली रडायला लागली, डोरोथी तिच्याआधीच लागली होती. मग ॲम्ब्रोजने ग्लास उंच केला आणि सगळे प्यायले.

खाली बसताना तो फ्लेवियाला म्हणाला, "वाट लागली ना? शेवटी इंग्रजी एक शब्द नाय."

"पप्पा, कुणी उत्तर दिलं?"

"नाय."

"मग!"

पण फ्लेवियाच्या वहीतलं गोराईत कितीसं चालणार? सोमवारी पहाटे सव्वापाचलाच कुंपणाबाहेरून हाक आली, "मामा, मोटर बंद कर!" श्यामसुंदर पहिल्या बोटीवर चालला होता. साडेसहाला मासळीवाल्या बायका ओरडल्या, सातला शाळेची पोरं. बोटीकडे जाणारा एकेक जण थांबून बजावून जात होता. ॲम्ब्रोज प्रत्येकाला "हो, हो" म्हणाला आणि मोटर चालूच ठेवली. वांगी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली.

पावणेआठला खिशातला फोन वाजला. भांडुपहून होता.

"मामा, चालले रे!"

"सावकाश जा," तो म्हणाला, आणि मग मोटर बंद केली.