सूर्य विकणे आहे

"सोमवारी माझं शिलाई मशीन येतंय," बायको म्हणाली, "आणि ते ह्या टेबलावर बसणार."

"ह्या? मग माझं काम?"

"काम? एक तरी वस्तू विकलीस आजवर? विकलीस तर काम, नाहीतर पसारा. आज तो टॉर्च कुणी विकत नेला तर टेबल तुझं. नाहीतर उचल बस्तान, उजेड्या."

बायको लाडात आली की त्याला उजेड्या म्हणायची आणि चिडली तरी उजेड्याच म्हणायची. त्यामुळे हाक कुठली आहे हे चेहरा बघून ठरवावं लागायचं. आत्ता चेहरा बघायची गरज नव्हती.

दिवसभर दुकानात लोकांचे मिक्सर दुरुस्त करायचे आणि घरी येऊन ह्या टेबलाशी बसायचं, एवढंच त्याचं जग. सगळं तिथेच शिकला, जाळून जाळून. हा टॉर्चही तिथेच जन्माला आला. पाण्याच्या बाटलीएवढा जाड, अ‍ॅल्युमिनियमचा, तोंडाशी एलईडींची दाटी. लावला की भिंतीचा रंग उडाल्यासारखा वाटायचा. त्याने टॉर्चवेड्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली होती: 'सूर्य विकणे आहे. स्वतः बनवलेला. फक्त दर्दी लोकांनी यावे.'

तीन दर्दी आले. तेही भर दुपारी, कारण तिघांनाही घरून तेवढीच परवानगी होती. एक मीटरवाला, जो उजेड मोजायचं यंत्र गळ्यात घालून फिरायचा. एक जुना मेंबर, ज्याला आजवर कुठलाच टॉर्च आवडला नव्हता. आणि एक नवरदेव, लग्न नुकतंच झालेलं, सारखा फोन बघणारा.

"अंधार कुठाय?" मीटरवाल्याने चपला काढता काढता विचारलं.

अंधार नव्हताच. घर घेताना बायकोने मोठमोठ्या खिडक्या बघूनच घेतलं होतं. राहता राहिलं बाथरूम. झरोक्यात टॉवेल कोंबला, चौघांनी काळे चष्मे चढवले आणि आत शिरून कडी लावली.

"चौघं एकदम कशाला?" बाहेरून बायको ओरडली.

"डेमो आहे!"

उजेड्याने बटण दाबलं. फरशीच्या भेगा, बादलीवरचे ओरखडे, जुन्या मेंबरच्या कानातले केस, सगळं लख्ख.

"मला काहीच दिसत नाहीये," नवरदेव म्हणाला.

"म्हणजे चांगला आहे," मीटरवाला म्हणाला. "हलू नका रे, आकडा नाचतोय."

"मधे पिवळट आहे," जुना मेंबर म्हणाला. "आणि कसला तरी जळका वास येतोय."

"वायर असेल," नवरदेव म्हणाला.

"छे, हा सोल्डरचा वास," मीटरवाला म्हणाला.

"सर्किट गेलं ह्याचं," जुना मेंबर अगदी समाधानाने म्हणाला.

उजेड्याला ते फार लागलं. "माझं सर्किट जात नाही! थांबा, दाखवतोच," म्हणून त्याने टॉर्च आहे तिथेच धरून ठेवला. वासावर चौघांनी जोरदार चर्चा केली. चर्चेत सगळं आलं. टॉर्चच्या तोंडाशी, दारामागच्या खुंटीला बायकोची ऑफिसची काळी पँट लटकत होती, तेवढं आलं नाही.

दार उघडलं तेव्हा आधी धूर बाहेर आला, मग काळे चष्मे घातलेले चार पुरुष. वासाने घाबरून वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघा धरत खाली आल्या होत्या.

"काकू, धरा जरा!" टॉर्च बंद करून त्यांच्या हातात कोंबत उजेड्याने पँटवर बादली ओतली. पँटला बरोब्बर गुडघ्यावर भोक पडलं होतं. बायकोने त्या भोकातून बोट आरपार काढून त्याला दाखवलं.

"उजेड एक नंबर," मीटरवाला खाकरला. "पण तापतो रे फार. हातात धरवत नाही."

"हा बघ, अजिबात तापत नाही," जुन्या मेंबरने पिशवीतून स्वतःचा टॉर्च काढला. "विकायचाय."

"मलापण विकायचाय," नवरदेव हळूच म्हणाला. "ती म्हणाली, नेलास तसा परत आणू नकोस."

मीटरवाल्याने गुपचूप आपल्या बॅगेची चेन उघडली.

"म्हणजे हे एक न्यायला आले आणि तीन ठेवून जाणार?" बायको टेबलाकडे वळली आणि त्याची सोल्डरिंगची हत्यारं एकेक करून खोक्यात टाकायला लागली.

"अगं," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "हे किती वेळ गरम राहतं गं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. काकूंनी सूर्य गुडघ्यावर आडवा ठेवला होता आणि डोळे मिटले होते.

"माझी ती शेकायची पिशवी लगेच गार होते मेली. हे बघ कसं, आतपर्यंत जातंय. केवढ्याला रे?"

"काकू, तो शेकायला नाहीये. त्याचा उजेड..."

बायकोने त्याला सणसणीत चिमटा काढला. "उजेड वरून फुकट आहे, काकू."

"मग मी तोंडावर मोजा घालीन बाई."

"काळा नको!" चौघं एकदम ओरडले.

काकूंनी जाहिरातीतली किंमत घासाघीस न करता दिली. तिन्ही दर्दी आपापले टॉर्च घेऊन, माना खाली घालून गेले. नवरदेव जिन्यातच बराच वेळ घुटमळला.

सोमवारी शिलाई मशीन आलं. बायकोने ते उजेड्याच्या टेबलाशेजारी दुसऱ्या टेबलावर ठेवलं आणि पहिलं काय शिवलं, तर टॉर्चला जाड कापडाची पिशवी, पांढरी. कारण काकूंच्या बहिणीची ऑर्डर आली होती, मग बहिणीच्या शेजारणीची, आणि प्रत्येकीचा निरोप एकच: तसाच तापणारा हवा, उजेड नसला तरी चालेल.

उजेड्या नुसत्या तापणाऱ्या नळ्या जोडत बसला. नाराजच होता. शेवटी बायकोची पाठ आहे बघून त्याने एका नळीच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी चिकटवला. कुणाला कळणार होतं?

"उजेड्या," मशीन न थांबवता ती म्हणाली.

त्याने दचकून, वाकून तिचा चेहरा बघितला. हसत होती.